खाली सही करणार

तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली एक दस्तलेखक बसतात. टेबलावर मेणकापड, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं एक जुनं बेअरिंग, शाईचा पॅड, कोर्ट फी तिकिटांचा डबा. पूर्वी टंकयंत्र होतं, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. प्रिंटरची वायर मागच्या झेरॉक्सच्या दुकानातून ओढलेली. सातबाऱ्याच्या उताऱ्याला वेळ होता आणि त्यांच्या बाजूच्या बाकावर सावली होती, एवढ्या दोन कारणांनी मला पुढचं सगळं ऐकायला मिळालं.

साठीच्या एक बाई अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. "औंदा पेरणीला त्यांनी पार बाभळीपातूर नांगर घातला बघा. आमचं मालक असतं तर टाप नव्हती. जुना धोंडा हुता बांधावर, त्यो बी उचलून टाकला. आता सांगायचं कुणाला?" दस्तलेखकांनी विचारलं, "दिराचं नाव?" बाई गप्प. मग म्हणाल्या, "थोरलं हायेत. नाव कसं घिऊ?" शेवटी सोबतच्या मुलानं नाव सांगितलं. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा त्याचंही नाव घ्यायचं नाही, त्यालाही अहोजाहोच करायचं, आणि बांध कोरल्याची तक्रार मात्र सोडायची नाही, असा तो सगळा मामला होता.

कागद बाहेर आला. ते वाचून दाखवू लागले: मी खाली सही करणार नामे अमुक, वय अमुक, धंदा शेती, विनंती अर्ज सादर करते की, माझे मालकी व वहिवाटीचे गट नंबरमध्ये सदर इसमाने अतिक्रमण केले असून, सबब मेहेरबान साहेबांनी... बाईंनी मान हलवली. "व्हय, असंच." आणि खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला.

बाईंच्या तोंडी 'मी' हा शब्द जवळजवळ आलाच नव्हता. बाभूळ होती, धोंडा होता, गेलेले मालक होते. कागदावर मात्र ओळीओळीत 'मी' आणि 'माझे'. धोंडा कुठे गेला कोण जाणे. थोरल्या दिरांचा मान गेला, त्यांचा सदर इसम झाला. पोलीस ठाण्यातल्या जबाबाचंही असंच असतं. लिहिणारा हवालदार, बोलणारा फिर्यादी, कागदावर 'मी', आणि शेवटी ठरलेलं वाक्य की जबाब वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. दिवसभरात एका माणसाच्या हातून केवढे तरी 'मी' लिहून जातात, आणि त्यातला एकही त्याचा नसतो.

कथा लिहिणाऱ्यांच्या बैठकीत एक समज पक्का बसलेला आहे: माणसाच्या जवळ जायचं असेल तर 'मी' घ्यावा, लांबून पाहायचं असेल तर 'तो' किंवा 'ती'. शिबिरांतही हेच शिकवतात. प्रथमपुरुषी म्हणजे आतलं, तृतीयपुरुषी म्हणजे बाहेरचं. मला हे कधी पटलेलं नाही. सध्या एका दिवाळी अंकासाठी कबूल केलेली कथा याच ठिकाणी अडली आहे, म्हणून हा विषय डोक्यातून जात नाही एवढंच. कथा साधी आहे. दोन भावांत घराची वाटणी व्हायची आहे, आणि सांगते आहे धाकटी सून. सांगते आहे म्हणजे, निदान आत्तापर्यंत तरी.

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः यायला लागली, तेव्हा ते सव्विशीत होते. सांगणारी यमुना. लहानपण, लग्न, सासर, वैधव्य, केशवपन, सगळं तिच्याच तोंडून. सव्विशीतला एक पुरुष पानंच्या पानं 'मी आले', 'मी रडले' असं लिहितो आहे. आज आपल्याला याचं काही वाटत नाही. पण त्या काळी घरोघरच्या बायकांना स्वतःबद्दल इतकं सलग बोलायची सवय नव्हती, सोय तर नव्हतीच. आपट्यांनी 'ती' लिहिलं असतं तर वाचकानं यमुनेची कीव केली असती आणि पुढच्या अंकाची वाट पाहिली असती. 'मी' लिहिल्यामुळे वस्तरा वाचणाऱ्याच्या डोक्यावर आला. ते करताना ते स्वतः कुठे होते? कुठेच नव्हते. त्या पुस्तकातला सगळ्यांत लपलेला माणूस म्हणजे लेखक. पुढे गो. नी. दांडेकरांनी 'पडघवली'त अंबावहिनीच्या तोंडून कोकणातलं एक गाव सांगितलं, तेव्हाही हेच. खेड्यापाड्यांतून, गडांवरून हिंडणारा भटका माणूस घरातल्या सुनेच्या आवाजात इतका विरघळला, की पुस्तक मिटल्यावर दांडेकर आठवायला थोडा वेळ लागतो.

मराठीत 'मी' घेणं ही एरवी फार उघडी गोष्ट आहे. इंग्रजीत निवेदक अख्खी कादंबरी बोलला तरी तो बाई की पुरुष हे लपवून ठेवता येतं. आपल्याकडे पहिलं क्रियापद आलं की निकाल लागतो. गेलो की गेले, बसलो की बसले. (कोल्हापूरकडच्या बायका खुशाल 'मी आलो' म्हणतात, पण तो वेगळा आणि ऐटबाज प्रकार आहे.) तरी एक पळवाट आहे. 'मी पाहिलं', 'मी खाल्लं', 'मी सांगितलं' यांत क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि कर्ता झाकलेला राहतो. 'मला वाटलं'मध्येही झाकलेलाच. भविष्यकाळातला 'मी जाईन' कुणाचाही असू शकतो. तेव्हा लिंग लपवून लिहिता येतं, पण अशा निवेदकाची गंमत बघा: त्याला पाहता येतं, ऐकता येतं, चहा घेता येतो, पत्र लिहिता येतं. त्याला गेलो-आलो करता येत नाही, बसता-उठता येत नाही, कुणाशी बोलता येत नाही. रडू येतं, रडता येत नाही. असा 'मी' म्हणजे एका जागी खिळलेला साक्षीदार. आणि हा लेख इथवर आला, त्यात लिहिणारं माणूस बाई आहे की पुरुष, हे शोधायला कुणी मागे गेलं तर जाऊ द्यावं. एवढी पानं 'मी, मी' करूनही ते कळत नसेल, तर 'मी'मधून माणूस आपोआप उघडा होतो ही समजूत जरा तपासून घ्यायला हवी.

उलट 'तो' लिहिणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो. आपण नुसते सांगणारे, वरून पाहणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मराठी त्याला असं सुटू देत नाही. 'तो' म्हणायचं की 'ते', हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. रणजित देसायांच्या 'स्वामी'त माधवराव म्हणाले, माधवराव उठले. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं मिळालेला मुलगा, पण निवेदक दरबाराच्या कडेला अदबीनं उभा आहे, त्याला एकेरी येणं शक्य नाही. पेंडशांच्या गारंबीत बापू म्हणाला, बापू गेला. तिथे निवेदक गावातलाच, बापूला पोरवयापासून ओळखणारा. दोन्ही कादंबऱ्या तृतीयपुरुषी, आणि दोन्हींत सांगणारा कुठल्या पायरीवर बसला आहे ते स्पष्ट दिसतं. जुन्या कथांमधला घरमालक 'ते' असतो आणि गडी 'तो' असतो. लेखकाच्या मनात गड्याबद्दल कितीही कळवळा असला तरी क्रियापद आपलं काम करून जातं. मुलगा नायक असलेल्या कादंबरीत तो मोठा होतो, नोकरीला लागतो, साहेब होतो. मग त्याला 'ते' कधीपासून करायचं? बहुतेक लेखक करतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो मोठा झालेलाच नसतो. घरात 'आई आली' आणि 'सासूबाई आल्या'. निवेदक कुणाच्या खांद्यावरून पाहतो आहे हे सांगायला आणखी काय लागतं?

आपल्या आज्या-पणज्यांनी तर यावर वेगळाच तोडगा काढला होता. नवऱ्याला नाव नाही, 'तो' तर नाहीच, 'ते' म्हणायलाही संकोच. मग दिशाच सर्वनाम झाली: इकडून येणं झालं, तिकडची स्वारी बाहेर गेली. माणूस वाक्यातून काढून टाकला आणि त्याचं येणं-जाणं तेवढं ठेवलं. मघाच्या झाकलेल्या 'मी'लासुद्धा कुठे जायचंच झालं तर हीच वाट आहे: माझं जाणं झालं.

कर्णाची गोष्ट मराठीत दोनदा फार गाजली. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची. नऊ भाग, सहा निवेदक, सगळे 'मी'. त्यांतले चार भाग खुद्द कर्णाचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि अखेरीस कृष्ण. नंतर १९७३ साली रणजित देसायांचा 'राधेय' आला, तृतीयपुरुषी. शाळा-कॉलेजच्या वयात 'मृत्युंजय' वाचून पेटून न उठलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे. त्या वयात 'माझ्यावर अन्याय झाला' हे वाक्य 'मी'तच ऐकायला हवं असतं. पण कर्णाची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकताना एक अडचण येते: तो स्वतःची बाजू फार चांगली मांडतो. 'राधेय'मध्ये कर्णाला स्वतःची वकिली करावी लागत नाही, त्यामुळे त्याला गप्प बसता येतं, आणि गप्प बसलेला कर्ण मला तरी जास्त जवळचा वाटतो. अर्थात वय वाढल्याचाही हा परिणाम असेल. बाकी सावंतांनी शेवट कृष्णाकडे दिला यात मोठा शहाणपणा आहे. मी म्हणणाऱ्याला सगळं सांगता येतं, स्वतःचं मरण तेवढं सांगता येत नाही. त्यासाठी दुसरं तोंड उसनं घ्यावं लागतं.

खांडेकरांनी त्याआधीच, १९५९ मध्ये, 'ययाति'त तीन तोंडं घेतली होती. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. तिघांचे 'मी' म्हणजे एकाच घटनेचे तीन जबाब, आणि ज्याचा वाचावा तो त्या पानापुरता खरा वाटतो. मात्र ज्याच्याबद्दल कादंबरीला सर्वांत जास्त आदर आहे त्या कचाला 'मी' दिलेला नाही. त्याला तिघांच्या नजरेतूनच पाहायचं. मला हा खांडेकरांचा नेमका निर्णय वाटतो. चांगला माणूस 'मी चांगला वागलो' असं सांगायला लागला की संपलंच.

साने गुरुजींनाही ही अडचण नक्की जाणवली असणार. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही अवघ्या पाच दिवसांत. आठवणी त्यांच्याच, आई त्यांचीच. सरळ 'मी' म्हणून लिहायला कुणाची हरकत नव्हती. पण त्यांनी आधी श्याम नावाचा एक माणूस केला, त्याला आश्रमात बसवलं, भोवती मित्र गोळा केले आणि रात्र पहिली, रात्र दुसरी अशा बेचाळीस रात्री त्याला बोलतं केलं. बाहेर 'श्याम', आत 'मी'. ही चौकट वाचताना आपण घाईनं ओलांडून जातो. लहानपणी तर ती वाचलीही जात नाही, एकदम आईकडे जायची घाई असते. मला आता ती चौकटच मोलाची वाटते. 'माझा गळा दाटून आला' असं माणूस स्वतःच लिहायला लागला तर वाचणारा जरा सावरून बसतो. श्यामचा गळा दाटला हे सांगायला समोर कुणीतरी लागतं. हळव्या माणसानं स्वतःपासून हातभर अंतर ठेवून बसण्याची ही सोय आहे, आणि ती नसती तर एवढं रडणं त्या पुस्तकाला पेललं असतं का, अशी मला शंका आहे.

हे अंतर ठेवायला आपली भाषा कुठे शिकली म्हणाल तर कीर्तनाच्या फडात. अभंग 'मी'चा असतो. माझं मन, माझी लाज, माझं दैवत, माझं भांडण. आणि शेवटच्या चरणात अचानक 'तुका म्हणे'. आतापर्यंत जो बोलत होता तो उठून बाजूला बसतो आणि स्वतःकडे बोट दाखवतो. नामदेव तेच करतात, जनाबाई तेच करते. ही नाममुद्रा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यातला पुरुष बदलतो हे लक्षातही येत नाही. वारीच्या वाटेवर हजारो माणसं एकाच वेळी तो 'मी' गातात, आणि त्या घटकेला तो ज्याच्या त्याच्या मालकीचा होतो. मग नाव येतं आणि मालकी परत जाते. निवेदनाचा इतका सहज पालट एखाद्या आधुनिक कादंबरीत आला असता तर त्यावर चर्चासत्र झालं असतं.

परदेशातही थोरामोठ्यांचं इथेच अडलं आहे. दस्तयेव्हस्कीनं 'गुन्हा आणि शिक्षा' आधी खुन्याच्या कबुलीजबाबासारखी लिहायला घेतली होती, प्रथमपुरुषी. १८६५ च्या नोव्हेंबरात बरंच लिहून झालेलं असताना त्यानं ते जाळलं आणि नव्यानं मांडणी केली. निवेदक आता अदृश्य, सगळं जाणणारा, पण रास्कोलनिकोव्हची पाठ क्षणभरही न सोडणारा. खून करून तो आत अडकला आहे, जिन्यावर पावलं वाजतात, बाहेरून कुणी दार हलवतं, आतल्या कडीचा आकडा उडतो आहे. हेच त्यानं 'मी' म्हणून सांगितलं असतं तर आपल्याला आधीच ठाऊक झालं असतं की हा पुढे शांतपणे टेबलाशी बसून वाक्यं जुळवू शकला. 'तो' केल्यावर ती हमी गेली. काफ्काचंही तसंच. 'द कॅसल' त्यानं १९२२ मध्ये 'मी' म्हणून सुरू केली, बरीच पानं लिहिल्यावर सर्वनामं खोडली आणि 'के.' लिहायला लागला. पूर्ण नाव नाही, एक अक्षर. हस्तलिखितात ती काटाकाट आहे. मराठीत त्याला एवढ्यावर सुटता आलं नसतं, कारण सर्वनामामागोमाग कितीतरी क्रियापदं बदलत बसावं लागलं असतं.

उलट काही 'मी' असे आहेत की ते हलवताच येत नाहीत. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर घ्या. धनगरांच्या वस्तीत तो येतो, शाळा भरवतो, माणसं पाहतो, दुष्काळ पाहतो. तो सतत 'मी' म्हणतो आणि स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो दिसतो कसा, हे पुस्तक मिटल्यावर मला आठवत नाही. कारभारी आठवतो, मेंढरं आठवतात. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये त्यावर चित्रपट केला तेव्हा मास्तरला चेहरा द्यावाच लागला. कॅमेऱ्याला 'मी' म्हणता येत नाही. ज्याच्या डोळ्यांनी आपण वाडी पाहत होतो तो आता वाडीत उभा राहिलेला दिसतो, टोपी घातलेला, घाम पुसणारा. चित्रपट चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यात आपल्याला एक माणूस जास्तीचा भेटतो.

तर माझी धाकटी सून. तिचं एक वाक्य मी दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं. 'मी दार उघडलं. समोर काका होते.' इथे काही प्रश्न नाही, तिचे काका. आता 'तिनं दार उघडलं. समोर काका होते.' सर्वनाम बदललं, पण 'काका' तसेच राहिले, आणि त्या एका शब्दामुळे निवेदक तिच्या घरातला झाला. वरवर तृतीयपुरुष, पण नातं तिचं. मग 'समोर दत्तूकाका होता' करून पाहिलं: निवेदक भावकीतला, जरा आगाऊ. 'समोर दत्ताराम उभा होता': निवेदक तलाठी. दाराबाहेरचा माणूस तोच, उंबराही तोच. 'मी' की 'ती' या वादात आपण उगीच सर्वनामांकडे बघत बसतो; खरी चुगली नात्याचे शब्द करतात. हा शोध बरा वाटला, पण कथा त्यानं पुढे गेली नाही.

ती अडली आहे ती वाटणीच्या प्रसंगापाशी. दोघे भाऊ ओसरीवर बसले आहेत, मामा मध्यस्थ आहेत, कागद पुढ्यात आहे. सून माजघरात. 'मी' ठेवला तर तिला फक्त ऐकू येतं, तेही तुटक. मामांचा घसा खाकरण्याचा आवाज, कप बशीत ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग तिच्या नवऱ्याचं हसणं, जे त्या जागी यायला नको होतं. 'ती' केलं तर मला सरळ ओसरीवर जाऊन कागदात काय आहे ते वाचता येईल, कोण कोणाकडे पाहत नाही हेही दिसेल. थोरल्या भावाचं काय चाललं आहे हेही कळेल, आणि त्याचं म्हणणं तसं खोटं नाही. पण मग ते हसणं कशाचं होतं ते सांगावं लागेल, आणि मला ते सांगायचं नाही. तूर्त तिला एकदा ओसरीवर पाठवावं असं मनात आहे, म्हणजे 'मी' मोडायला नको आणि कागद ओझरता तरी दिसेल. निमित्त चहाचंच. अडचण इतकीच की पहिला चहा देऊन झालेला आहे, दुसरा टाकायचा तर दूध हवं, आणि त्या घरात दुपारी चारला दूध शिल्लक असतं की नाही, हे तिच्या जावेला विचारल्याशिवाय ठरणार नाही.